लीलाकाकींचे तीन तास दहा मिनिटं

मोबाईलवर काहीतरी पाहून कुणी लीलाकाकींना सांगायला आलं, तर काकी हातातलं काम सोडत नसत. शेंगा निवडत असल्या तर निवडत राहायच्या, वायरचं टोक सोलत असल्या तर सोलत राहायच्या. समोरच्याचं सगळं सांगून झालं की मान वर करून एवढंच विचारायच्या, "पुरं बघितलं का?"

बहुतेक जण इथंच अडकायचे. कुणी म्हणायचं, "तेवढंच आलं होतं, काकी." कुणी म्हणायचं, "पुढचं काय, कळतंच की."

"मग पुरं बघ आन् ये. तवा बोलू."

त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या बाजूला त्यांचं गाव. मी मूळची दौंडची. त्या गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. काकी म्हणाल्या, "मी बी एकटीच हाय. वर रिकामंच हाय." सहा वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिले. खाली पुढच्या खोलीत त्यांचं केबलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी टेबल, रात्रंदिवस घरघरणारी दोन यंत्रं, भिंतीवर वायरींची वेटोळी आणि खुंटीवर लटकवलेली ॲल्युमिनियमची शिडी.

केबल मूळ काकांची. ते एका दुपारी छातीत कळ येऊन गेले. दिवस घातले, पाहुणे पांगले, आणि त्याच आठवड्यात वावटळीनं खालच्या आळीची तार तुटली. निम्म्या गावाचे टीव्ही बंद पडले. नवरा गेलेल्या बाईला तार जोडायला सांगायचं कसं, म्हणून कुणी काही बोलेना. काकींना ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी शिडी उतरवली, नऊवारीचा काचा मारला, काकांची पक्कड कमरेला खोचली आणि चारचौघांसमोर खांबावर चढल्या. खाली उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "लीले, बायामाणसाचं काम न्हाई ते." काकी वरून म्हणाल्या, "मामा, तुम्ही चढताय का? न्हाई ना, मग शिडी धरा." मामांनी शिडी धरली. हे मी गावात येण्याआधीचं. माझ्या काळात काकींच्या कमरेची पक्कड मी फक्त देवळात जाताना सुटलेली पाहिली.

मग फोन स्वस्त झाले आणि एकेक घर तार सोडायला लागलं. "काकी, आता सगळं फोनवरच दिसतं." काकी कुणाशी वाद घालत नसत. जाऊन आपली वायर गुंडाळून आणायच्या. काहींनी वायरीबरोबर जुने टीव्हीही देऊन टाकले. काकींनी ते मागच्या कांदाचाळीत रचून ठेवले. त्यांचा पुतण्या राहुल शिक्रापूरला कारखान्यांच्या आणि दुकानांच्या जाहिराती करायचा, रील बनवायचा. तो म्हणाला, "काकी, तुझा धंदा संपला. बंद कर आता."

काकींनी धंदा बंद केला नाही. त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ज्या घरांनी तार सोडली होती त्यांच्याकडे त्या एकेक करून जाऊन बसल्या. चहा घेतला आणि तासभर नुसतं बघत राहिल्या. मला वाटलं, गिऱ्हाईक परत आणायला गेल्या असतील. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई ओ बाई. लोकं बघत्यात कशी ते बघाया गेले होते."

"मग?"

"त्या पांडुरंगाच्या घरात चार माणसं, चार फोन. चौघांची तोंडं चार भिंतींकडं. सासू हसली तर सून विचारीना का हसली. सुनेनं मला परदेशातल्या कुठल्या लग्नातला नवरीचा घागरा दाखवला. मी म्हणलं, तुझ्या दारातला रस्ता मागल्या सभेत मंजूर झालाय, ठाऊक हाय का? तिला ठाऊक न्हाई." मग त्या म्हणाल्या, "पयलं चारजण मिळून एक खोटं बघायची. एकजण तरी म्हणायचा, हे काय खरं न्हाई. आता ज्याचं खोटं त्याच्या एकट्याच्या हातात. एकट्याला फसवायला येळ लागत न्हाई."

पुढच्या महिन्यात त्यांनी एक बऱ्यापैकी फोन आणि तो उभा धरणारी तीन पायांची तिपाई घेतली. घराघरात इंटरनेटची तार द्यायचं काम त्या आधीच शिकून आल्या होत्या. आणि एका सकाळी, तिपाई गोधडीत गुंडाळून, त्या ग्रामसभेला गेल्या.

गावाचा कारभार तेव्हा सर्जेराव आबा बघत. सरपंच दुसराच होता, पण तो बोलण्याआधी आबांकडे बघायचा. आबा उंचपुरे, बोलायला गोड, दुसऱ्याच्या लग्नात स्वतः वाढायला उभे राहणारे. तिपाई पाहून ते हसून म्हणाले, "काकी, लग्न हाय का काय?"

"सभा दाखवनार हाय. घरी बसलेल्या बायांना."

"बायांना सभेत कुणी अडवलंय का? त्यांनी यावं की."

"येत्याल. आधी बघू द्या काय असतं ते."

सरपंच म्हणाला, परवानगी लागते. काकी म्हणाल्या, "सभा गावाची हाय ना? मग गावानं बघायला कुनाची परवानगी?" आबांनी हात हलवला. त्यांना वाटलं असणार, दोन सभांत हौस फिटेल.

काकींची दाखवायची पद्धत अशी होती की कुणालाही झोप यावी. तिपाई कोपऱ्यातल्या उंच कट्ट्यावर. एकच कोन, त्यात व्यासपीठ आणि सगळी बसलेली माणसं. कॅमेरा जवळ न्यायचा नाही, फिरवायचा नाही. "हालवला की मी मधी आले," त्या म्हणायच्या. सभा सुरू झाल्यापासून सतरंज्या गोळा होईपर्यंत चालू. मग ते सगळं तसंच इंटरनेटवर टाकायचं. राहुलनं ते पाहून कपाळावर हात मारला.

"काकी, तीन तासाचा व्हिडिओ कोण बघतं? लोक तीन सेकंदात अंगठ्यानं ढकलून देतात. मला दे, मी अर्ध्या मिनिटाचे तुकडे करतो, खाली म्युझिक टाकतो. पुढचं फ्यूचर छोट्या व्हिडिओचंच हाय."

"तुझं फ्यूचर अंगठ्याएवढंच हाय रं."

"किती जणांनी बघितलं तुझं? अकरा!"

"व्हय," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी अकराच्या अकरा नावं सांगितली. खालच्या आळीतली तान्हाबाई, जिचे पाय गेले होते. दूध डेअरीवरचा बाळू, जो कधीच सभेला येऊ शकत नव्हता. पुण्यात धुणीभांडी करणारी मंगल. "तुझ्या हजारातली अकरा नावं सांग बरं." राहुल नुसता हसला. मलाही मनातून राहुलचंच पटत होतं. मी स्वतः त्या अकरांत नव्हते. वर माडीवर झोपून मी अर्ध्या मिनिटांचे तुकडेच बघायचे. काकींना ते माहीत होतं.

असं दोन वर्षं चाललं. अकराचे साठ-सत्तर झाले. आणि मग गायरानाचा विषय आला.

गावाच्या वरच्या अंगाला गावाच्या मालकीचं मोठं गायरान होतं. शिक्रापूरकडच्या एका वाहतूक कंपनीला ट्रक उभे करायला ती जागा हवी होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. आबा सभेत तासभर बोलले. पोरांना काम लागेल, गावात दिवे येतील, रस्ता होईल. कुणी फार विरोध केला नाही. त्यांचं झाल्यावर शोभा उठली. शोभा म्हणजे अर्ध्या एकरात शेवंती आणि झेंडू काढणारी, आठ शेळ्या राखणारी, चाळिशीची बाई. तिच्या शेळ्या त्या गायरानात चरायच्या. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. पदर घट्ट धरून ती म्हणाली,

"आबा, तुम्ही म्हणताय पोरांना काम लागंल. लागू द्या की. माझ्या बी पोराला लागू द्या. जमीन द्यायची तर द्या, माझी काय हरकत न्हाई. पर तुमची सोळा एकर रस्त्याला लागून पडीक हाय, ती द्या. गायरान कशापायी देताय?"

लोक हसले. आबाही हसले. मग दुसरे विषय निघाले. सगळ्यात शेवटी गडबडीत हात वर झाले, ग्रामसेवकानं वहीत काहीतरी लिहिलं आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पोहोचेपर्यंत माझ्या फोनवर एक तुकडा तीन ठिकाणांहून आला होता. वीस सेकंदांचा. त्यात शोभा पदर धरून म्हणत होती, "पोरांना काम लागंल. माझ्या बी पोराला लागू द्या. जमीन द्यायची तर द्या, माझी काय हरकत न्हाई." खाली लिहिलं होतं, शेळीवाल्यांचाही पाठिंबा.

तो काकींच्याच व्हिडिओतून कापला होता.

त्या आठवड्यात शोभाचं काय झालं ते मी जवळून पाहिलं, कारण तिची मुलगी माझ्या वर्गात होती. गायरानात शेळ्या राखणारी वीसेक घरं होती. ती सगळी शोभाच्या भावकीतली. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नळावर तिचा हंडा बाजूला सरकवला गेला. पोराच्या नोकरीसाठी विकली गेली, असं तिची सख्खी जाऊ दारात उभं राहून म्हणाली. शोभा सांगत राहिली, मी पुढं बोलले होते, पुढचं ऐका. पण पुढचं त्या तुकड्यात नव्हतं.

गुरुवारी ती काकींच्या दारात आली. आत यायला तयार नव्हती.

"काकी, माझं तोंड तुमच्याच कॅमेऱ्यातनं गेलं."

काकी टेबलाशी बसल्या होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "पुरं टाकलंय, शोभे. एक घंटा बावन्न मिनटावर तुझं पुरं बोलणं हाय."

"कोण बघतंय तुमचं पुरं? वीस सेकंदाचं समद्या गावानं बघितलं. तुम्ही बी कापा. माझा तेवढा तुकडा कापा आन् सोडा."

राहुल तिथंच होता. तो म्हणाला, दहा मिनिटांत करून देतो. मीही म्हणाले, "काकी, खरं आहे तेवढंच दाखवायचंय. त्यात काय वाईट?"

काकी म्हणाल्या, "त्यांनी कापलं, मी कापलं. मग लोकांनी कुनाचं खरं मानायचं? ज्याची कातर मोठी त्याचं?"

शोभाचा आवाज चढला. "तुमची टेक तुमच्यापाशी ठेवा, काकी. माझं घर मोडायला लागलंय." आणि ती निघून गेली.

काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत. अंधार पडायच्या सुमाराला त्या कांदाचाळीत गेल्या आणि रचून ठेवलेले जुने टीव्ही एकेक करून पुसायला लागल्या. मी विचारलं, काय करताय? म्हणाल्या, "फोनात बघून भांडत्यात ना? एका जागी बसून बघू द्या मग. समद्यांना एकदम."

शुक्रवारी सकाळी त्या हळदीकुंकू आणि अक्षतांची वाटी घेऊन निघाल्या. काका गेल्यावरही त्यांनी कुंकू सोडलं नव्हतं, आणि गावाला त्याची सवय झाली होती. लग्नाचं आवतण द्यावं तसं प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ऐतवारी दोन वाजता, माझ्या चाळीत. सभा बघायची हाय. सुरवातीपासनं." लोक हसायचे, पण अक्षता ठेवल्यावर यायचं नाही, असं कुणाला म्हणवेना. त्या आबांच्या वाड्यावर गेल्या. आबांच्या बायकोनं अक्षता कपाळाला लावून घेतल्या. त्या शोभाच्या जावेकडे गेल्या. शोभाकडेही गेल्या. शोभानं दार उघडलं नाही, तेव्हा अक्षता उंबऱ्यावर ठेवून आल्या.

शनिवारी दुपारी दुसरा व्हिडिओ आला. त्यात लीलाकाकी होत्या.

त्यांचाच चेहरा, त्यांचीच भुवयांमधली आडवी सुरकुती, तोच घोगरा आवाज. त्या हात जोडून सांगत होत्या, "मी टाकलेल्या व्हिडिओमध्ये चूक झालेली आहे. तो कृपया कोणीही पाहू नये. झालेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे."

मी तशीच जिना उतरले. काकींना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण बघितला, परत लावायला सांगितला, तीनदा बघितला. मग म्हणाल्या, "माझ्यापरीस बरी दिसती की. कुंकू बघा कसं सरळ लावलंय."

"काकी, लोक खरं मानतील!"

"कोण मानंल? मी जल्मात कवा 'दिलगीर आहे' म्हणले का?"

ते खरं होतं. तासाभरात गावभर हसू पसरलं. पोरं रस्त्यात एकमेकांना हात जोडून "मी दिलगीर आहे" म्हणायला लागली. ज्यानं कुणी तो व्हिडिओ एआयकडून करून घेतला, त्यानं काकींचा आवाज बरोबर उचलला होता. बोली उचलायचं राहून गेलं होतं. तो कुणी केला ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. माहीत सगळ्यांना होतं.

मला वाटलं, संपलं. काकींना तसं वाटलं नाही. तिन्हीसांजेला वायरी जोडता जोडता त्या म्हणाल्या, "बाई, आज ती 'आहे' म्हणली म्हणून सापडली. उद्या 'हाय' म्हणंल. परवा माझ्यागत शिव्या बी दील. मग कशावरनं वळखायची?"

मी त्यांच्या हातात पुढची वायर दिली.

"मग एकच राहातंय," त्या म्हणाल्या. "जे तिथं होते त्यांच्या शेजारी बसून बघायचं. इचारायचं, असं झालं का रं? डोळ्यानं बघितलेली माणसं शेजारी पायजेत. नुसता पडदा आता पुरायचा न्हाई."

रविवारी दोन वाजता कांदाचाळीत सहा टीव्ही चालू होते. सहांची तोंडं सहा बाजूंना, पण सगळ्यांवर एकच चित्र, एकाच क्षणी. जुन्या केबलच्या तारेनंच सगळं जोडलेलं. बायका पोतं पसरून बसल्या. पुरुष खांबांना टेकून. तान्हाबाईला खाटेसकट उचलून आणलं होतं. आबा आले, आणि त्यांना खुर्ची दिली गेली. शोभा सगळ्यात मागं, चाळीच्या बाहेर, उन्हात उभी राहिली.

सभा सुरू झाली. पहिला अर्धा तास नुसतं येणं, बसणं, खोकणं. लोक चुळबुळायला लागले. आबा मोठ्यानं, गोडीत म्हणाले, "काकी, मुद्द्याचं तेवढं दाखवा. लोकांना कामं हायती."

"आबा, तुम्ही तासभर बोललात तवा लोकांना कामं नव्हती व्हय?"

चाळ हसली. रिमोट काकींच्या कमरेला, पकडीच्या शेजारी होता.

मग हळूहळू एक गंमत झाली. लोक स्वतःला बघायला लागले. "ह्यो बघा नाना, झोपलाय." "आगं, माझी पाठ केवढी दिसती!" दगडूमामा नावाचे एक म्हातारे सभेत चार वेळा उठले होते, विहिरीजवळच्या दिव्याबद्दल विचारायला. चारही वेळा त्यांना खाली बसवलं होतं. सभेत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथं चौथ्यांदा त्यांना बसवलं तेव्हा चाळीतून एक बाई ओरडली, "आरं बोलू द्या की त्यांला!" दगडूमामा आमच्यातच बसले होते. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

एक तास बावन्न मिनिटांनी शोभा उठली. पडद्यावरची. सहा टीव्हींतून एकदम तिचा आवाज आला, "पर तुमची सोळा एकर रस्त्याला लागून पडीक हाय, ती द्या."

कुणी हसलं नाही या वेळी. काकींनी मागं वळून मोठ्यानं विचारलं, "जे सभेत होते ते सांगा. असंच झालं का?"

"असंच," कुणीतरी म्हणालं. मग दुसरं. शोभाच्या जावेनं मान खाली घातली. ती सभेत होती.

लोक उठायला लागले. त्यांच्या लेखी बघायचं ते संपलं होतं. काकी उठल्या आणि चाळीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. "बसा. तीन घंटे धा मिनटांचं हाय, अजून सव्वा घंटा राहिलाय."

"काकी, कळलं आता सगळं."

"अर्ध्या कळण्यानंच तर हे झालंय. बसा."

बसले. काही कुरकुरत, पण बसले. आणि शेवटाकडं ठरावाचा क्षण आला. पडद्यावर सरपंचानं भराभर वाचलं, आबा म्हणाले, "मंजूर?" काही हात वर झाले. ग्रामसेवकाचा आवाज आला, "सर्वानुमते मंजूर."

खाटेवरून तान्हाबाई म्हणाली, "लीले, थांबव. समदे कुठं हात वर हायती?"

एवढंच एकदा काकींनी चित्र थांबवलं. त्यांचा तो न हलणारा, कंटाळवाणा कोन. त्यात सभेतलं प्रत्येक डोकं दिसत होतं, आणि प्रत्येक हात. बाळूनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. मग बायकांनी. सगळी चाळ मोजत होती. एकवीस. दीडशे माणसांत एकवीस हात. परत मोजले. एकवीसच.

आबा खुर्चीतून उठले. ते चिडले नाहीत. म्हणाले, "लोकांची इच्छा असंल तर परत सभा घेऊ." आणि गेले. महिन्याभरात विशेष सभा झाली. गावानं सह्या करून ती मागितली होती. काकींच्या अकरांतली मंगल त्या दिवशी पुण्याहून गाडी करून आली. ठराव पडला. गायरान अजून गायरान आहे.

पण त्या रविवारचं मला जास्त आठवतं ते वेगळंच. चाळ रिकामी झाल्यावर शोभा आत आली. मला वाटलं, काकींच्या पाया पडेल. तिनं तसं काही केलं नाही. म्हणाली, "काकी, हे झालं ते झालं. पर पुढच्या बारीला माझं बोलणं दाखवायच्या आधी मला इचारा. तुम्ही बसता कोपऱ्यात. मार मी खाल्ला." आणि शेळ्या बांधायला गेली. तिच्या मागोमाग तिची जाऊ गेली.

मी काकींची बाजू घ्यायला लागले, तर त्यांनी मला अडवलं. "बरोबर बोलली ती. मी टेकीपायी आंधळी झाले होते." त्यानंतर प्रत्येक सभेच्या सुरुवातीला काकी उभ्या राहून सांगायच्या, कॅमेरा चालू हाय, ज्याला नको त्यानं सांगा, मी त्याचा कोपरा सोडते. सांगायचं कुणीच नाही. पण त्या विचारायच्या.

विशेष सभेनंतर आठवड्यानं कुणीतरी दिवसाढवळ्या त्यांच्या तारा सात खांबांवरून तोडल्या. काकी तेव्हा त्रेसष्टाच्या होत्या. राहुल म्हणाला, माणूस लावतो. काकींनी शिडी घेतली. तारा कुणी तोडल्या ते त्यांना ठाऊक होतं, कारण तो माणूस समोरच्या कट्ट्यावर बसून बघत होता. काकींनी सात खांब जोडले. पहिला खांब जोडला तो त्या माणसाच्या घराचा. मी विचारलं, का? "त्याची म्हातारी घरात मालिका बघती. तिनं काय केलंय?" मग शिडी खांद्यावर घेताना त्या माणसाकडे बघत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तार हाय माझ्याकडं भरपूर."

पुढच्या वर्षी माझी बदली दौंड तालुक्यात झाली. निघताना काकींनी शेंगांची पिशवी दिली आणि डोळे कोरडे ठेवले. फोनवर बोलणं व्हायचं. त्यांना आता गावोगावची बोलावणी येत होती. बचत गटाच्या बाया म्हणायच्या, आम्हाला शिकवा. काकी एसटीनं जायच्या, एका सभेत बसायच्या, परत यायच्या. त्यांची तब्येत उतरत होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही, राहुलनं सांगितलं. त्यानं हेही सांगितलं की तिपाई आता तो उचलतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्याच शाळेच्या पडवीत. दौंडपासून पाऊण तासावरचं गाव. ग्रामसभा होती, आणि मी वर्ग लवकर सोडून दाराशी उभी होते. काकी भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. गळ्याच्या शिरा दिसत होत्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिपाईपाशी संगीता उभी होती. ती त्या गावात पिठाची गिरणी चालवते. केसांत पीठ तसंच, तीन मुलांची आई, कधी चार माणसांत बोललेली नाही. तिचा पहिलाच दिवस.

सरपंच आला, बसला, त्यानं तिपाई पाहिली. "ओ ताई, ते बंद करा. इथं असलं चालत न्हाई."

सभा वळून संगीताकडे बघायला लागली. संगीतानं काकींकडे पाहिलं.

मला वाटलं, काकी आता बोलतील. मला त्यांचं वाक्यसुद्धा पाठ होतं. काकींनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं दिसत नसे. संगीता आपल्याकडे बघते आहे की नाही, हे त्यांना आता कळणं शक्य नव्हतं. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि काच पुसायला लागल्या, अगदी सावकाश, एक काच, मग दुसरी.

"ऐकू आलं न्हाई का, ताई? बंद करा."

संगीताचा हात फोनपर्यंत गेला. तिथं थांबला. मग खाली आला.

"न्हाई करत," ती म्हणाली. "सभा आमची बी हाय. तुम्ही बोला."

सरपंचानं इकडं तिकडं पाहिलं, कागद उचलले, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. काकी अजून काच पुसतच होत्या.